स्मृती कप्प्यातली आक्का

सांगड ॲप बंद होणार हे महिनाभर आधी सगळ्या सांगलीला कळलं होतं, तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी जागचं हललं नव्हतं. मग एकदम सगळ्यांना जाग आली आणि विश्रामबागेतल्या तबस्सुम बागवानच्या केंद्रावर सकाळपासून रीघ लागली. ज्याला त्याला आपली वही सांगडीतून उचलून ओळखदेख नावाच्या नव्या ॲपमध्ये हलवायची होती. रविवारनंतर सांगडीतलं काही उघडणार नव्हतं.

त्या रांगेत भालचंद्रराव कुरणेही होते. दूध संघाच्या खरेदी विभागात त्यांची हयात गेलेली. आपल्या वहीत किती गावांची माणसं आहेत हे ते शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, आणि गृहस्थ मान डोलवत आपल्याच वहीचा विचार करत होते.

फोनमधल्या पत्त्यांच्या यादीला अजूनही वहीच म्हणत, पण आता तिच्यात नंबर नव्हते. पूर्वी एका ॲपमधून दुसऱ्यात माणसं नेताना कुणाचं आडनाव गळायचं, कुणाचा वाढदिवस हरवायचा, एका मावशीच्या तीन मावश्या व्हायच्या. तरी माणूस शेवटी सापडायचा. मग आवाजांच्या नकला सुरू झाल्या. मुलाच्या हुबेहूब आवाजात आईला फोन जायचा आणि आई बिचारी फसायची. नंबरावरचा विश्वास उडाला तेव्हा सांगड आली. दोन माणसांची ओळख झाली की दोघांच्या फोनांत मिळून एक किल्ली तयार व्हायची, अर्धी ह्याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे. ह्या जोडीला गाठ म्हणत. दोन्ही अर्ध्या जुळल्या तरच आवाज पलीकडे पोहोचे. नकला करणाऱ्याकडे अर्धी किल्ली येणार कुठून?

शिवाय प्रत्येक गाठीला एक मदतनीस असे. तुम्ही कुणाशी कसं बोलता, कुणाला अहो म्हणता, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करता, हे सगळं तो तुमच्या जुन्या संदेशांवरून शिके आणि सणावाराला तुमच्या वतीने शुभेच्छा धाडून मोकळा होई. लोकांना हे फार आवडलं. आमच्या सौभाग्यवतींचा, सुलभाताईंचा मदतनीस त्यांच्यापेक्षा गोड बोलतो, असं भालचंद्रराव मित्रांत म्हणत. घरात म्हणायची त्यांची छाती नव्हती.

त्यांचा नंबर लागला. तबस्सुमने फोन आपल्या यंत्राला जोडला आणि भराभर नावं पलीकडे सरकू लागली.

"काका, स्मृती कप्पा पुसून टाकू का? मयत माणसांच्या गाठी नव्या ॲपमध्ये जात नाहीत."

"टाका की. आई-वडील आहेत, आमचे जुने साहेब आहेत. त्यांचे फोटो आहेत घरी."

तबस्सुमचा हात थांबला. चाळिशीची, कामात चोख बाई, ग्राहकांच्या वहीत डोकावायची नाही. पण आता तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"ह्या कार्डात न ऐकलेले निरोप आहेत. बरेच आहेत. मयत माणसाकडून निरोप कसे येतील, काका?"

पडद्यावर नाव होतं, इंदुमती शिंत्रे, गडहिंग्लज. नातं, थोरली बहीण. स्थिती, दिवंगत.

भालचंद्ररावांनी नजर दुसरीकडे वळवली. कारण ती स्थिती त्यांनी स्वतःच लिहिली होती.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी आक्काच्या मुलीचं, स्वरूपाचं लग्न होतं. मुलीचा मामा म्हणजे काय साधी गोष्ट आहे? तिला बोहल्यावर आणायचं मामाने, मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं मामाने. भालचंद्ररावांनी त्यासाठी खास फेटा घेतला आणि सांगलीतूनच बांधून निघायचं ठरवलं. फेटा बांधणारा उशिरा आला. त्यात निपाणीजवळ रस्त्याचं काम निघालं. मुहूर्त टळायला आला, तसं दाजींनी आपल्या चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं. भालचंद्रराव मांडवात शिरले तेव्हा अक्षता पडत होत्या आणि भाचीच्या पाठीशी भलताच माणूस उभा होता, तोही बिनफेट्याचा.

त्यांनी तमाशा केला नाही. नुसते मागे वळले, आणलेला आहेर तसाच गाडीत टाकला आणि पाण्याचा थेंब न घेता घरी आले. घरी आल्यावर मात्र त्यांनी बादलीभर गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि जाहीर केलं, "आक्काच्या नावानं आंघोळ केली मी. आजपासून ती मला मेली."

"जिवंत माणसाच्या नावानं पाणी घेऊ नये, अहो," सुलभाताई म्हणाल्या, पण तोवर टॉवेल मागवून झाला होता.

नेमकं त्याच आठवड्यात जुन्या फोनमधली वही सांगडीत हलवायची होती. सांगड एकेक कार्ड पुढे करून विचारी, ह्या व्यक्तीशी संबंध कसा, चालू, क्वचित की दिवंगत? आक्काचं कार्ड आलं. आंघोळ तर झालीच होती. त्यांनी तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि त्यांना, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. चार दिवसांनी राग निवला असता तर निवला असता, पण चार दिवसांनी ते कार्ड डोळ्यांसमोर नव्हतं. आक्काचाही फोन आला नाही. तिलाच गरज नाही तर आपण का नमतं घ्यावं, अशी ते वर्षांमागून वर्षं मनाची समजूत घालत राहिले.

आणि इथे पडद्यावर आक्काचे निरोप होते.

तबस्सुमने त्यांना आतल्या खुर्चीत बसवलं आणि कानाला लावायचं यंत्र दिलं. त्यांनी पहिला निरोप ऐकला.

"भालू, आक्का बोलतीया. जेवला नाहीस रे तू. दाजींना मी लई बोलले. फोन उचल की."

मग भाऊबीजेचा होता. मग पुढच्या भाऊबीजेचा, अगदी छोटा. मग दाजींना कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलंय, एकदा येऊन जा. आणि मग आक्काचा आवाज ओळखू येणार नाही असा बसलेला. "दाजी गेले पहाटे. तेरावा पुढच्या गुरुवारी हाय. मनात काही ठेवू नकोस. तू ये."

त्यानंतरचा एकही निरोप नव्हता. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

भालचंद्ररावांनी यंत्र कानावरून काढलं. दाजी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. रागाच्या भरातसुद्धा त्यांनी दाजींचं वाईट चिंतलं नव्हतं. चांगला माणूस होता. मुहूर्त सांभाळला एवढाच त्याचा गुन्हा.

"पण मला कळलं कसं नाही?" ते तबस्सुमवरच ओरडले. "माझ्यापुरतं बंद केलं होतं मी. बाकीच्या भावाबहिणींना तर कळलं असेल! पोपटदादाला, शालनला. कुणीतरी बोललं असतं."

तबस्सुमने त्यांना पाणी दिलं आणि मग समजावून सांगितलं. मेलेल्या माणसांचे फोन पळवून, त्यांच्या आवाजांची नक्कल करून त्यांच्या नातेवाइकांना लुबाडायचे प्रकार फार झाले होते. म्हणून सांगडीने नियम केला, की सख्ख्या नातेवाइकाने दिवंगत म्हटलं की तेवढा दाखला पुरे. त्या माणसाची गाठ दाखला देणाऱ्याकडेच नव्हे, दोघांच्या सामाईक ओळखीतल्या सगळ्यांकडे सीलबंद व्हायची. इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. जे काही पाठवलं जाई ते सगळं स्मृती कप्प्यात पडून राही, आणि पाठवणाऱ्याला दिसे, 'पोहोचला'.

"दुःखाची बातमी यंत्राने देऊ नये, माणसांनी द्यावी, म्हणून सूचना कुणालाच जात नव्हती. फक्त ज्यांचं त्या माणसाशी स्वतःच्या तोंडाने बोलणं चालू असेल, त्यांच्या गाठीला हात लावत नव्हते. रोज बोलणारा माणूस मेलेला कसा असेल? म्हणजे त्यांची मुलगी, सासरची माणसं, शेजारपाजार, ह्यांचं सगळं चालू असणार. बाकीच्यांचं..."

"माहेरचं," भालचंद्रराव म्हणाले.

"हो. सगळं माहेर बंद."

"आता उघडता येईल?"

"रविवारच्या आत येईल. पण त्या जिवंत आहेत हे त्यांनीच सिद्ध करावं लागतं. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यांनी प्रत्येक नावावर अंगठा धरायचा, त्यातली नाडी फोन बघतो. दुरून होत नाही. रविवारनंतर ह्या गाठी कायमच्या गेल्या. मग त्यांच्या माहेरच्या कुणालाच त्या सापडणार नाहीत, आणि त्यांना तुम्ही नाही."

घरी आल्यावर त्यांनी सुलभाताईंना सगळं सांगितलं. त्या मटकन पाटावर बसल्या.

"असं कसं होईल? मी दर दिवाळीला पाठवते की वन्संना! पोहोचला असं यायचं."

"तू पाठवतेस की तुझा मदतनीस?"

सुलभाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"स्वतः कधी बोललीस तिच्याशी?"

"तुम्ही आंघोळ केलीत ना," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, मी कशाला मध्ये पडू. शुभेच्छा जातायत तेवढं पुरे." आणि मग त्या रडू लागल्या, ते कुणासाठी हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेराव्याला माहेरच्यांनी दुखवटा न्यायचा असतो. विधवा बहिणीला भावाने साडी न्यायची, तिच्या शेजारी बसायचं आणि दोन घास तिला खायला लावून तिचं सुतक संपवायचं. ते दुसऱ्या कुणी करून चालत नाही. मामाचा मान चुकला म्हणून ज्यांनी बहिणीला मारून टाकलं, त्यांनी भावाचं कर्तव्य चुकवलं होतं आणि ते आता काही केल्या भरून येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी गणपती पेठेत एक साडी घेतली, फिक्या निळ्या रंगाची. कशासाठी घेतोय हे दुकानदाराने विचारलं तेव्हा त्यांना नीट सांगता आलं नाही.

गडहिंग्लजच्या एसटीत ते वाटभर वाक्यं जुळवत राहिले. यंत्राची चूक झाली, आक्का. नियमच तसला होता. कुणालाच कळलं नाही. वाक्यं चांगली होती आणि एकही खोटं नव्हतं.

शिंत्र्यांच्या अंगणात संकेश्वरी मिरचीचा ढीग पडला होता आणि ढिगाशी बसून आक्का देठ खुडत होती. ती केवढी वाळली होती! भालचंद्रराव दारातच खिळले, आणि मिरचीच्या खकाण्याने त्यांना शिंक आली.

आक्काने चष्मा वर केला.

"भालू," ती म्हणाली. "दारात का उभारलायस? आत ये की. तोंडाला रुमाल लाव."

ते येऊन पायरीवर बसले. आक्का पुन्हा देठ खुडू लागली.

"आक्का, यंत्राची चूक झाली."

"कसली?"

"तुझे निरोप मला मिळालेच नाहीत. कुणालाच मिळाले नाहीत, पोपटदादाला, शालनला, कुणाला नाही. सांगडीत तुझ्या नावावर दिवंगत असं पडलं होतं."

"कुणी लिहिलं?"

एसटीत जुळवलेली सगळी वाक्यं ह्या एका प्रश्नापाशी संपली.

"मी," भालचंद्रराव म्हणाले.

"कधी?"

"स्वरूपाच्या लग्नानंतर."

आक्काचा हात मिरचीवरच राहिला. "म्हंजे फेट्यावरनं," ती म्हणाली. "फेट्यावरनं मारलंस व्हय रे मला?"

"चुकलं माझं. पाया पडतो तुझ्या. पण एवढं होईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं गं. माझ्यापुरतं..."

"तेराव्याआधी स्वरूपा म्हनत होती, मामाला मी कळवते. मीच म्हटलं न्हाई, माझ्या माहेरी मीच कळवणार. सगळ्यांना कळवलं. सगळ्यांकडं पोचला म्हनून आलं." आक्का त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "सासरची सगळी टोप्या-साड्या घिऊन आली. भटजी दोनदा विचारून गेला, माहेरचं कोन हाय? जाऊबाई म्हनली, गाडी चुकली असंल. मी म्हटलं व्हय, गाडी चुकली असंल. दिवेलागनीला जाऊबाईनंच कपाटातली एक साडी पिशवीत घातली, मागच्या दारानं जाऊन पुढच्या दारानं आली आनि माहेरची म्हनून माझ्या अंगावर टाकली. चार बायकांत माझी लाज राहावी म्हनून."

भालचंद्ररावांच्या पिशवीत ती निळी साडी होती. ती बाहेर काढायचं त्यांना धैर्य झालं नाही.

हातातली मिरची सुपात टाकून आक्काने विचारलं, "म्हंजे पोपटदादानं टाकलं न्हाई मला? शालननं?"

"नाही. त्यांना माहीतच नाही."

"मला वाटलं सगळ्यांनी मिळून टाकलं." तिने पदराने डोळे टिपले, मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि ती चरफडली. भालचंद्ररावांनी धावत जाऊन रांजणातलं पाणी आणून दिलं. तिने ते घेतलं, डोळे धुतले.

मग त्यांनी तिला अंगठ्याचं सांगितलं. आक्का उठली, आतून आपला फोन घेऊन आली आणि त्यांच्या फोनशेजारी पायरीवर ठेवला. पोपटदादाचं नाव आलं. तिने अंगठा धरला, फोनने क्षणभर नाडी बघितली आणि नाव हिरवं झालं. शालनचं नाव झालं. मग वाळव्याच्या मावशीचं आलं.

"मावशी गेली, आक्का. मागच्या वर्षी."

आक्काने अंगठा मागे घेतला. "मला कोन सांगनार," ती एवढंच म्हणाली.

नावं हिरवी होत गेली आणि आक्काचा फोन वाजू लागला. एकदा वाजला तो थांबेचना. चार वर्षांत माहेरच्या मदतनीसांनी धाडलेलं सगळं स्मृती कप्प्यांतून सुटून एकदम येत होतं. दिवाळीच्या शुभेच्छा, संक्रांतीच्या शुभेच्छा, पुन्हा दिवाळी. तिळगूळ घ्या. वाढदिवसाचं अभीष्टचिंतन. सुलभाताईंचे तर कितीतरी होते, सगळ्यात गोड. आक्का आधी हरखून वाचायला लागली. मग तिचं बोट एका संदेशावर थांबलं. पोपटदादाचा होता, गेल्या दिवाळीचा. 'दाजींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग.'

"हे कुनी लिवलं?"

"मदतनीस लिहितो आपोआप. पोपटदादाला ठाऊकही नसेल."

आक्काने दुसरा उघडला. तिसरा उघडला. सगळ्यांत दाजींना नमस्कार होता.

"म्हंजे चार वर्षांत माझ्याशी कुनी बोललंच न्हाई," ती म्हणाली. "आनि मी न्हाई हे कुनाला कळलंबी न्हाई. तू तरी रागानं मारलंस, भालू. ह्यांच्यात मी जिती काय आनि मेली काय, एकच."

खरं म्हणजे आक्काशी आपण वैर तरी धरलं, असं म्हणावंसं भालचंद्ररावांना क्षणभर वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

शेवटचं नाव त्यांचं होतं. आक्काने अंगठा धरला. फोनने नाडी बघितली, थोडा वेळ काहीतरी शोधलं आणि लिहिलं, 'दुसरं टोक सापडलं नाही.'

"असं का म्हनतंय?"

भालचंद्ररावांना कळलं होतं. गाठीची अर्धी किल्ली त्यांच्याकडे होती, सील उघडलंही होतं, पण आक्काच्या वहीत तिची दुसरी अर्धी असायला हवी होती.

"तू मला काढलंयस, आक्का."

"व्हय," आक्का म्हणाली. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. स्वरूपा म्हनत होती थांब. मी म्हटलं, न्हाई. पन मेला म्हनून न्हाई लिवलं मी. नुसतं काढलं."

"मग नवी ओळख करावी लागेल. मी मागतो, तू हो म्हण."

त्यांनी नवी ओळख मागितली. सांगडीने त्यांना सगळं पहिल्यापासून विचारलं, एखाद्या परक्या माणसाला विचारावं तसं. नाव, गाव. मग नातं. त्यांनी लिहिलं, भाऊ.

आक्काच्या फोनवर प्रश्न उमटला, 'भालचंद्र कुरणे, सांगली. हे तुमचे भाऊ आहेत का?' तिने चष्मा पुसला आणि फोन उजेडाकडे धरून तो प्रश्न वाचला. मग पुन्हा वाचला. भालचंद्रराव तिच्या अंगठ्याकडे बघत होते. इतकी आशा त्यांनी कधी कुठल्या गोष्टीची केली नव्हती.

आक्काने 'नाही' वर अंगठा ठेवला.

"आक्का..."

"दुसरं कायतरी लिही."

"दुसरं काय लिहू गं?"

आक्काने फोन पायरीवर ठेवला आणि सुपात पडलेली एक मिरची उचलून तिचा देठ खुडला. "ओळखीचे लिही," ती म्हणाली.

भालचंद्ररावांनी तसं लिहिलं, आणि आक्काने अंगठा धरला.